कापडावर छापणाऱ्या इंकजेट प्रिंटरची छपाई बिघडल्यास काय करावे: नागपूरच्या छपाईदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टी-शर्ट, जर्सी, झेंडे, ओढण्या आणि मीटरवर विकले जाणारे कापड छापणाऱ्या नागपूर व परिसरातील व्यावसायिकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. तयार कपड्यावर थेट छापणारी डीटीजी मशीन, फिल्मवर छापून प्रेसने उतरवणारी डीटीएफ मशीन, उष्णतेने वायुरूप होणारा रंग पॉलिएस्टरमध्ये उतरवणारे सब्लिमेशन आणि सलग तागा छापणारी मशीन या चारही प्रकारांचा विचार त्यात केला आहे. एखादी गोष्ट एकाच प्रकाराला लागू असेल, तर तसे नमूद केले आहे. तापमानाचे आणि वेळेचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या शाईच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. छपाई अचानक खराब येऊ लागली. सर्वात आधी काय तपासायचे?

सर्वात आधी नोझल चेक काढावा, म्हणजे हेडमधील (शाई फवारणाऱ्या भागातील) प्रत्येक नोझल, अर्थात शाईचे सूक्ष्म छिद्र, चालते का हे दाखवणारा रेघांचा नमुना. तो कापडावर न काढता गुळगुळीत कागदावर काढावा आणि त्यावर तारीख व वेळ लिहून तो जपून ठेवावा. बहुतेकांचा हात प्रथम हेड क्लीनिंगच्या बटणाकडे जातो. त्यामुळे शाई तर वाया जातेच, शिवाय मूळ दोष कोठे होता याचा पुरावाही पुसला जातो.

खराब छपाईची कारणे चार ठिकाणी असू शकतात. शाई हेडमधून नीट बाहेर पडत नसेल, ती बाहेर पडूनही चुकीच्या जागी पडत असेल, योग्य जागी पडूनही कापड तिला नीट धरत नसेल, किंवा मुळात फाइल अथवा तिचे छपाईच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या रिप सॉफ्टवेअरमधील नोंदी चुकीच्या असतील. पहिली शक्यता खरी आहे की नाही, हे नोझल चेक एका मिनिटात सांगतो. तो पूर्ण आणि सरळ आला असेल, तर हेड साफ करत बसण्याला काहीच अर्थ नाही. अशा वेळी थेट प्रश्न ६, ८ किंवा १० कडे वळावे.

२. नोझल चेकमध्ये रेघा तुटलेल्या दिसतात हे कळते, पण त्यावरून नेमका दोष कसा ओळखायचा?

एका नोझल चेकवरून फारसे कळत नाही. दोन काढावेत, मध्ये एकदाच साधे क्लीनिंग करावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही वेळा त्याच जागेच्या रेघा गायब असतील, तर त्या नोझलमध्ये शाई वाळलेली आहे. आधी गायब असलेल्या रेघा परत आल्या आणि दुसऱ्याच ठिकाणच्या गेल्या, तर नोझल बंद नाहीत. शाईच्या वाटेत कोठेतरी हवा शिरते आहे किंवा कॅपिंग स्टेशन (काम नसताना हेड झाकणारी रबरी कडेची कॅप) हेडला घट्ट बसत नाही. या दुसऱ्या प्रकारात कितीही वेळा क्लीनिंग केले तरी रेघा केवळ जागा बदलत राहतात आणि मालकाला वाटते की हेड गेले.

रेघा आहेत पण वाकड्या आहेत, असे दिसल्यास नोझलच्या तोंडाशी धागा, लव किंवा वाळलेल्या शाईचा कण अडकलेला असतो. कागदावर असा दोष किरकोळ भासतो, पण एकरंगी भरीव भागात त्याची बारीक रेष उमटते. पिवळ्याच्या रेघांमध्ये निळसर झाक असेल, तर कॅपमध्ये साचलेली टाकाऊ शाई हेडकडे परत ओढली जात आहे किंवा हेड पुसणारा वायपर एका रंगाची शाई दुसऱ्या रंगावर पसरवत आहे. अशा वेळी हेडऐवजी कॅप आणि वायपर धुवावेत.

एखाद्या रंगाचा मोठा, सरळ कडांचा सलग ठोकळाच गायब झाला असेल, तर तो दोष बहुधा विजेचा असतो. हेडची चपटी केबल सैल झालेली असते किंवा तिच्या टोकाशी शाई झिरपलेली असते. मशीन बंद करून, प्लग काढून आणि काही मिनिटे थांबूनच त्या केबलला हात लावावा. चालू मशीनमध्ये ओली केबल हलवल्याने हेड आणि बोर्ड दोन्ही एकदम जळू शकतात.

३. हेड क्लीनिंग एका वेळी किती वेळा करावे?

साधे क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा करावे आणि प्रत्येक वेळेनंतर नोझल चेक काढावा. तेवढ्याने सुधारणा झाली नाही, तर थांबावे. क्लीनिंगच्या वेळी पंप कॅपमधून शाई ओढतो. कॅपची रबरी कड झिजलेली असेल किंवा तिच्यावर शाईचा थर साचलेला असेल, तर पंप शाईऐवजी हवा ओढतो आणि चालू असलेल्या नोझलही रिकाम्या होतात.

थांबल्यानंतर कॅप आणि वायपर उत्पादकाच्या क्लीनिंग द्रावणाने पुसावेत. कॅपमध्ये त्याच द्रावणाचे काही थेंब घालून हेड तिच्यावर बसवावे आणि मशीन एक-दोन तास किंवा रात्रभर तसेच ठेवावे. वाळलेली शाई ओढून निघत नाही, ती भिजून सुटते. आमच्या मते नागपुरातील अनेक हेड अडकलेल्या शाईने जात नाहीत. अतिक्लीनिंगने आणि घाईने मारलेल्या सिरिंजच्या दाबाने ती जातात.

४. हेड धुण्यासाठी आरओचे किंवा बाटलीतले पाणी चालते का? स्पिरिट?

दोन्ही टाळावे. बाटलीतल्या पाण्यात क्षार असतात, आरओच्या पाण्यातही ते थोडेफार उरतात आणि नळाच्या पाण्यात तर भरपूर असतात. वाळल्यावर ते नोझलमध्येच बसतात. पाण्यावर आधारित शाई असेल आणि दुसरे काहीच हाताशी नसेल, तर डिस्टिल्ड वॉटर चालते. स्पिरिटमुळे पिगमेंट शाईतील, रंगकण कापडाला चिकटवणारा बाइंडर गोठू शकतो आणि जे सहज सुटले असते तेही घट्ट बसते.

५. दर वर्षी मार्चअखेरपासून नोझल रोज बंद पडतात आणि पावसाळा लागला की त्रास आपोआप थांबतो. हे शाईमुळे होते की हवेमुळे?

बहुतांशी हवेमुळे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांपर्यंत उतरते. बहुतेक कापडी शाईंना २० ते ३० अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. नोझलचे तोंड केसाच्या जाडीपेक्षाही लहान असते. हेड उघडे असताना त्यातील पाणी उडून जाते आणि शाई तोंडाशीच घट्ट होते. पांढऱ्या शाईचा त्रास सर्वाधिक होतो, तिच्यासाठी प्रश्न ९ पाहावा. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या टी-शर्टांचे काम नेमके याच कोरड्या दिवसांत येते, त्यामुळे ज्यांच्याकडे त्या ऑर्डरी असतात त्यांना हा दोष सर्वात महाग पडतो.

पहिला उपाय म्हणजे एक साधा आर्द्रतामापक. तो भिंतीवर न लावता मशीनपाशी ठेवावा, कारण खिडकीजवळची हवा आणि हेडजवळची हवा यांत बराच फरक असतो. आकडा ४० च्या खाली गेला की दमट हवेची सोय करावी आणि काम नसताना हेड उघडे राहणार नाही याची काळजी घ्यावी. दोन टी-शर्टांमध्ये कापड बदलण्याचा वेळही मे महिन्यात पुरेसा घातक असतो. कपडे आधीच पाट्यांवर (कपडा बसवायच्या फळ्यांवर) चढवून ठेवले, तर तो वेळ निम्मा होतो.

येथे कूलरचा प्रश्न निघतोच, कारण नागपुरात कूलरविना उन्हाळा काढणे कोणालाच शक्य नाही. कूलरची दमट हवा मशीनला हवी असते, पण त्याचा झोत नको असतो. थेट झोतामुळे हेडपासून कापडापर्यंत उडणारे थेंब ढळतात, उघड्या नोझल अधिक लवकर वाळतात आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतील धूळ व बारीक काड्या मशीनवर येतात. शिवाय बोअरचे जड पाणी वापरले असेल, तर हवेबरोबर उडालेल्या तुषारांतील क्षार हेडची जागा सांगणाऱ्या एन्कोडर पट्टीवर पांढऱ्या थराच्या रूपात बसतात आणि मग प्रश्न ८ मधील दोष सुरू होतो. म्हणून कूलर शेजारच्या खोलीत किंवा मशीनच्या पाठीमागे लांब ठेवावा, झोत भिंतीकडे वळवावा आणि हवा बाहेर जाण्यासाठी समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. एसी असल्यास तो तापमान उतरवतो, पण हवेतील पाणीही काढून घेतो. त्यामुळे एसीच्या खोलीत ह्युमिडिफायर लागतोच. त्यात डिस्टिल्ड वॉटर वापरावे, नाहीतर क्षारांचा तोच प्रकार पुन्हा होतो.

सकाळी ६ ते ११ या वेळेत मोठी कामे उरकणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो जितका परिणामकारक आहे तितका वापरला मात्र जात नाही.

६. छपाईवर आडव्या रेषा येतात, पण नोझल चेक एकदम पूर्ण आहे. असे कसे?

रेषा गडद आहेत की फिकट, हे आधी पाहावे. प्रत्येक पासनंतर (हेडच्या एका फेरीनंतर) मशीन कापड ठरावीक अंतर पुढे सरकवते. ते गरजेपेक्षा कमी सरकले, तर दोन पास एकमेकांवर चढतात आणि गडद रेष येते. जास्त सरकले, तर मध्ये फट राहते आणि फिकट रेष दिसते. ही फीडची, म्हणजे कापड सरकवण्याची, चूक आहे आणि ती मोजून दुरुस्त करता येते. १००० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा छापाव्यात आणि स्टीलच्या पट्टीने मोजाव्यात. अंतर ९९८ भरले, तर फीड कमी आहे. १००० ला ९९८ ने भागल्यास १.००२ येते आणि त्या प्रमाणात फीडचा आकडा वाढवावा. मोजणी त्याच कापडावर करावी. होजियरीचे कापड ताणले जाते आणि कॅनव्हास ताणला जात नाही, त्यामुळे एकावरचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. डीटीजी मशीनमध्ये कापड नव्हे, तर पाटा सरकतो. म्हणून तेथे रेषा आल्यास पाट्याच्या रुळांवरील लव आणि ग्रीस तपासावे.

रेषा गडद-फिकट अशा ठरावीक लयीत न येता कोठेही येत असतील, तर फीडला दोष देऊ नये. नोझल चेकमध्ये पूर्ण दिसणारी पण किंचित वाकडी नोझल हे त्याचे नेहमीचे कारण असते (प्रश्न २). पासची संख्या ४ वरून ६ किंवा ८ केल्यास अशी रेष झाकली जाते, पण वेग कमी होतो. घाईच्या ऑर्डरीत हा तोडगा चालतो, कायमचा उपाय म्हणून तो चालत नाही.

७. पहिले दहा-बारा इंच उत्तम छापते आणि मग एखादा रंग हळूहळू फिका होत जातो. क्लीनिंग केले की पुन्हा चांगले, पुन्हा फिके. याचे कारण काय?

हेडला शाई पुरत नाही. नोझल चेकला फार थोडी शाई लागते, म्हणून तो पूर्ण येतो. भरीव रंग छापताना मात्र मागणी वाढते आणि वाटेतील अडथळा उघड होतो. शाईच्या टाकीपासून सुरुवात करून हेडकडे यावे. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बंद आहे का, टाकीतील पातळी फार खाली गेली आहे का, नळीला कोठे घडी पडली आहे का, नळीत हवेचे बुडबुडे दिसतात का, आणि शेवटी डॅम्पर (हेडच्या लगेच आधीची शाईची छोटी डबी) अर्धा रिकामा आहे का, हे त्या क्रमाने पाहावे. डॅम्परच्या आत बारीक जाळी असते. ती पांढऱ्या शाईने सर्वात आधी तुंबते. डॅम्पर स्वस्त असतो, म्हणून तो धुण्यात वेळ न घालवता बदलावा. जोडणीतील रबरी ओ-रिंग चिरली असेल, तर नव्या डॅम्परनेही हवा शिरत राहील. त्यामुळे दोन्ही एकत्र बदललेले बरे.

८. अक्षरांच्या कडा दुहेरी दिसतात आणि बारीक मजकूर धूसर येतो. हेड बदलावे का?

हेड बदलण्याचा विचार इतक्यात करू नये. हाच मजकूर एका दिशेच्या छपाईत (हेड एकाच दिशेने जाताना) छापून पाहावा. एका दिशेत तो स्वच्छ आला, तर दोन दिशांच्या जुळणीत चूक आहे आणि मशीनच्या मेनूतील अलाइनमेंट पुन्हा केल्यास ती सुटते. एका दिशेतही धूसर आला, तर हेड आणि कापड यांतील अंतर जास्त आहे. साधारण २ मिलिमीटर अंतर पुरते. जाड हुडीसाठी वाढवलेली उंची पातळ टी-शर्टाच्या वेळी कमी करायला लोक विसरतात. अंतर बदलले की दोन दिशांची जुळणीही नव्याने करावी लागते, कारण थेंबाचा प्रवास लांबला की तो पडण्याची जागा सरकते.

संपूर्ण चित्रच मध्येच एका बाजूला सरकत असेल किंवा उभ्या कडा करवतीसारख्या दिसत असतील, तर एन्कोडर पट्टी पाहावी. हेड वाहून नेणाऱ्या कॅरेजला आपली जागा या पारदर्शक पट्टीवरील बारीक रेघांवरून कळते. शाईच्या धुक्याने किंवा क्षारांनी ती माखली की जागेचा अंदाज चुकतो. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलावलेल्या, लव न सोडणाऱ्या कापडाने ती हलक्या हाताने पुसावी. घासल्यास रेघा निघून जातात आणि पट्टीच बदलावी लागते.

कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरवर कडांच्या भोवती शाईचे बारीक शिंतोडे दिसत असतील, तर ते स्थिर विजेमुळे असू शकतात. कापूस हवेतील ओलावा धरतो, प्रमाण हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, त्यामुळे त्यावरील विद्युतभार निघून जात नाही. मशीनचे अर्थिंग तपासावे आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे आर्द्रता वाढवावी.

९. रंग ठीक येतात, पण गडद टी-शर्टवर पांढरा थर राखाडी आणि छिद्राछिद्रांचा दिसतो. पांढरी शाईच इतका त्रास का देते?

पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो पाण्याच्या सुमारे चौपट जड असतो. शाई स्थिर राहिली की तो तळाशी बसतो. वरच्या पातळ शाईने थर राखाडी येतो आणि खालच्या घट्ट शाईने जाळी तुंबते. टाकी दररोज सकाळी हलक्या हाताने ढवळावी. जोराने हलवल्यास फेस होतो आणि हवा नळीत जाते. बाटल्या आठवड्यातून दोन-तीनदा उलट्या-सुलट्या कराव्यात. मशीनमध्ये पांढऱ्या शाईच्या अभिसरणाची सोय असेल, तर ती रात्रीही चालू ठेवावी. वीज वाचवण्यासाठी ती बंद करणारे काही दिवसांतच डॅम्परवर तेवढे पैसे घालवतात.

शाई नीट असूनही छिद्रे दिसत असतील, तर कापडाची लव वर उभी आहे. छपाईपूर्वी कपडा काही सेकंद प्रेसखाली दाबून लव बसवावी आणि चिकट रोलर फिरवावा. डिझाइनच्या कडेला पांढरी किनार डोकावत असल्यास रिपमध्ये पांढरा थर एक ते तीन पिक्सेल आत घ्यावा. ओल्या शाईने कापड किंचित आकसते आणि दोन थर तंतोतंत बसत नाहीत. याला मशीनचा दोष मानू नये.

१०. प्रीट्रीटमेंट केलेल्या जागी चौकोनी डाग राहतो आणि कोठे रंग चकचकीत तर कोठे फिके येतात. द्रावण वाईट आहे का?

क्वचितच. बहुतेक वेळा द्रावण असमान फवारलेले असते किंवा छपाईपूर्वी पूर्ण वाळवलेले नसते. डीटीजीमध्ये प्रीट्रीटमेंटचे काम पांढऱ्या शाईला कापडावरच थांबवण्याचे असते. ते कमी पडल्यास शाई धाग्यात मुरते आणि फिकी दिसते, जास्त पडल्यास कपडा कडक होतो आणि डाग राहतो. कपड्याला फवारणीच्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून किती ग्रॅम बसले हे लिहून ठेवावे. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ही सवय कितीतरी बरी. नागपूरच्या पावसाळ्यात सुती कपड्यात आधीच ओलावा असतो, म्हणून फवारणीपूर्वीही एकदा प्रेस करावा आणि वाळवण्याचा वेळ उन्हाळ्यापेक्षा वाढवावा. बहुतेक डाग पहिल्या धुण्यात जातात. गडद पॉलिएस्टरमिश्रित कपड्यावरचे जात नाहीत, त्यामुळे अशा कपड्याच्या एका कोपऱ्यावर आधी चाचणी घ्यावी.

११. पावसाळ्यात डीटीएफच्या फिल्मवर शाई पसरते आणि पावडर नको तेथेही चिकटते. मशीन बदलल्यासारखे वाटते.

फिल्मवरच्या लेपाने आणि छपाई कापडाला चिकटवणाऱ्या पावडरने दमट हवेतील पाणी घेतलेले असते. फिल्मचा उघडा रोल काम झाल्यावर घट्ट पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पावडरचा डबा उघडा ठेवू नये. गुठळ्या झालेली पावडर चाळून वापरता येते, पण ओलसर पावडर वापरता येत नाही. छापून ठेवलेल्या फिल्मवर दुसऱ्या दिवशी तेलकट थेंब दिसत असतील, तर शाईतील द्रव ओव्हनमध्ये पुरेसा उडालेला नाही. ओव्हनमधला वेळ थोडा वाढवावा.

१२. दोन-तीन धुण्यांतच छपाई उडते. ग्राहक परत येतात.

शाई कोणती आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. डीटीजीची पिगमेंट शाई उष्णतेने पक्की होते आणि त्यासाठी साधारण १६० अंशांवर दोन ते तीन मिनिटे लागतात. प्रेसच्या पडद्यावरचा आकडा आणि पाट्याचे खरे तापमान यांत फरक असतो, विशेषतः कोपऱ्यांवर. संपर्काने तापमान मोजणारे साधन घेऊन पाट्यावर पाच जागी तपासावे. डीटीएफ उडत असेल, तर प्रेसचा दाब, तापमान आणि फिल्म थंड की गरम सोलायची याबाबतची उत्पादकाची सूचना तपासावी.

सुती ताग्यावर रिॲक्टिव्ह शाईने छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की छपाई म्हणजे अर्धेच काम आहे. सोड्याची आणि युरियाची पूर्वप्रक्रिया, सुमारे १०२ अंशांच्या वाफेत ८ ते १० मिनिटे आणि त्यानंतरची धुलाई झाल्याशिवाय रंग धाग्याशी बांधला जात नाही. वाफेची सोय नसलेल्यांनी केवळ इस्त्री करून रिॲक्टिव्ह छपाई विकू नये.

१३. सुती कापडावर सब्लिमेशन केले तर रंग इतके फिके का येतात?

सब्लिमेशनचे रंग उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतात. कापसात त्यांना धरून ठेवणारे काही नसते. मिश्र कापडात जितका पॉलिएस्टर, तितकाच रंग टिकतो. येथे प्रिंटरमध्ये काहीही दुरुस्त करण्यासारखे नाही. सब्लिमेशनच्या कागदावर रंग मळकट दिसतात म्हणूनही काही जण क्लीनिंग करतात. सुमारे १९० ते २१० अंशांवर ३० ते ६० सेकंद प्रेस केल्यावरच त्यांचा खरा रंग दिसतो. काळा रंग तपकिरी झाल्यास ताप किंवा वेळ जास्त झालेला असतो.

१४. स्क्रीनवरचा भगवा छापल्यावर विटकरी होतो, निळा जांभळा होतो. मॉनिटर बदलावा लागेल का?

मॉनिटरपूर्वी आयसीसी प्रोफाइल (स्क्रीनवरच्या रंगासाठी कोणती शाई किती लागेल हे सांगणारी फाइल) तपासावी. एक प्रोफाइल एकच शाई, एकच कापड आणि एकच पास-मोड यांच्यासाठी असते. इंटरनेटवरून उतरवलेली प्रोफाइल वापरली, तर भगवा आणि निळा हेच रंग सर्वात आधी चुकतात. झेंडे आणि टोप्या छापणाऱ्यांसाठी तेच रंग सर्वात महत्त्वाचे असतात, ही आणखी एक अडचण. प्रोफाइल बनवून घेणे परवडत नसेल, तर नेहमीच्या कापडावर त्या रंगांच्या पंचवीस-तीस छटा त्यांच्या आकड्यांसह छापाव्यात, धुवाव्यात, आणि तो कापडी तक्ता ग्राहकाला दाखवून रंग ठरवावा. तक्ता दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात.

काळा रंग हिरवट येत असल्यास प्रोफाइलपूर्वी नोझल चेकमधील मॅजेन्टा पाहावा.

१५. निम्म्या किमतीची शाई मिळते. जुनी संपण्याआधी तीच टाकीत ओतली तर?

ओतू नये. दोन कंपन्यांच्या शाईंतील बाइंडर आणि आम्लता वेगळी असू शकते आणि त्या मिसळल्या की गाठी होतात. त्या नळीत झाल्या तर नळी, डॅम्पर आणि हेड अशी सगळी साखळी बदलावी लागते. शाई बदलायचीच असेल, तर टाकी रिकामी करून, क्लीनिंग द्रावणाने संपूर्ण वाट धुऊन, ते द्रावणही काढून टाकून मगच नवी शाई भरावी. त्यानंतर प्रश्न १४ मधील प्रोफाइलचे काम पुन्हा करावे लागते. त्याचा खर्च धरला की निम्मी किंमत निम्मी राहत नाही. शाईची मुदतही पाहावी. मे महिन्यात वाहतुकीत दिवसभर उन्हात तापलेली बाटली मुदतीत असली तरी संशयास्पद समजावी.

१६. छपाई चालू असताना लाइट गेली. काय करावे?

हेड उघडे राहिले असेल, तर शक्य तितक्या लवकर ते कॅपवर न्यावे. बहुतेक मशीनमध्ये वीज नसताना कॅरेज हाताने सावकाश ढकलता येते. ती अडत असेल, तर जोर करू नये. हेडखालील कापड काढावे आणि हेडजवळ द्रावणाने ओलावलेला फोम ठेवावा, मात्र तो हेडला लावू नये. प्रिंटरला यूपीएस असणे आवश्यक आहे. हीट प्रेस त्याच यूपीएसवर लावू नये, कारण प्रेस इतका विद्युतप्रवाह घेतो की दोन्ही बंद पडतात.

१७. दिवाळीत चार-पाच दिवस दुकान बंद असते. शाई काढून ठेवावी का?

चार-पाच दिवसांसाठी रंगीत शाई काढण्याची गरज नाही. कॅप धुऊन, त्यात द्रावणाचे थेंब घालून, हेड नीट बसवून मशीन ठेवावे. शक्य असल्यास मध्ये एक दिवस येऊन नोझल चेक काढावा. पांढऱ्या शाईबाबत मात्र तीन दिवसांहून अधिक सुट्टी असल्यास आम्ही त्या वाटेत क्लीनिंग द्रावण भरून ठेवण्याचा सल्ला देतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मशीन बंद राहणार असेल, तर सर्वच रंगांसाठी तसे करावे.

१८. लाल जर्सीवर पांढरे नाव आणि क्रमांक अगदी शुभ्र आले, पण दोन दिवसांत ते गुलाबी झाले. शाई खराब निघाली का?

शाई ठीक आहे. दोष जर्सीच्या रंगाचा आहे. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगवतात, तेच उष्णतेने पुन्हा उडू लागतात (प्रश्न १३ मधील तत्त्व येथे उलट काम करते) आणि पांढऱ्या थरात चढतात. हे प्रेसच्या क्षणी न दिसता काही तासांनी किंवा दिवसांनी दिसते, म्हणून माल देऊन झाल्यावर तक्रार येते. लाल, मरून आणि गडद निळ्या जर्सींवर हे सर्वाधिक होते, आणि सब्लिमेशनने छापलेल्या जर्सीवर तर हमखास होते. कमी तापमानावर, म्हणजे १३० अंशांच्या आसपास चिकटणारी पावडर आणि रंग अडवणारा गडद थर असलेली डीटीएफ सामग्री वापरावी. संपूर्ण संघाची ऑर्डर घेण्यापूर्वी एक जर्सी छापून तीन दिवस गरम जागी ठेवून पाहावी.

१९. तेच मशीन, तीच शाई, तीच फाइल, पण एकाच ताग्यावर छपाई पसरते आणि ठिपके-ठिपके दिसते. बाकी सगळे तागे चांगले निघतात.

तागा दोषी आहे आणि ते सिद्ध करणे सोपे आहे. चांगल्या आणि वाईट ताग्यांचे तुकडे शेजारी ठेवून प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब टाकावा. एकावर थेंब लगेच मुरला आणि दुसऱ्यावर मोत्यासारखा उभा राहिला, तर त्या कापडावर खळ, मऊपणासाठी दिलेले सिलिकॉन किंवा मेणाचा अंश शिल्लक आहे. गांधीबाग किंवा इतवारीतून घेतलेले एकाच नावाचे, एकाच भावाचे कापडही वेगवेगळ्या प्रक्रियागृहांतून आलेले असू शकते. त्यामुळे बिलावरील नावावर विसंबू नये आणि प्रत्येक नव्या ताग्याच्या टोकावर ही चाचणी घ्यावी. थेंब एकाच ताग्यात काही ठिकाणी मुरतो आणि काही ठिकाणी थांबतो, असेही होते. ठिपके त्याचेच असतात. असा तागा छपाईसाठी वापरू नये. तो परत करताना दोन्ही तुकडे बरोबर न्यावेत, व्यापारी थेंबाची चाचणी स्वतः पाहिल्यावर सहसा वाद घालत नाही.

२०. हेड खरोखर गेले आहे, हे नक्की कसे समजावे?

प्रश्न २ आणि ३ मधील सर्व पायऱ्या केल्यानंतरही त्याच नोझल बंद असतील, रात्रभर भिजवूनही एकही परतली नसेल आणि नवा डॅम्पर व केबल लावूनही फरक पडला नसेल, तर हेड गेले असे समजावे. शक्य असल्यास दोन रंगांच्या नळ्या किंवा केबली आपसात बदलून पाहाव्यात. दोष नळीबरोबर सरकला, तर तो शाईच्या वाटेत आहे. केबलीबरोबर सरकला, तर तो बोर्डात किंवा केबलीत आहे. कशानेही न सरकता हेडच्या त्याच ओळीवर राहिला, तरच हेडला दोष द्यावा. नळ्या बदलल्यास त्या आधी द्रावणाने धुवाव्यात, नाहीतर रंग मिसळतील.

काही बंद नोझल भरीव कामात त्रास देतात, पण विखुरलेल्या डिझाइनमध्ये दिसतही नाहीत. असे हेड लगेच टाकून न देता जास्त पासच्या मोडमध्ये सुट्या कामांसाठी वापरता येते. नवे हेड बसवताना त्याच्यावर छापलेला संकेतांक मशीनच्या मेनूत भरावा, कारण प्रत्येक हेडला लागणारा विद्युतदाब थोडा वेगळा असतो आणि जुना आकडा तसाच राहिल्यास नव्या हेडनेही थेंब लहान-मोठे पडतात. त्यानंतर हेडची उभी-आडवी जुळणी, दोन दिशांची जुळणी (प्रश्न ८) आणि शेवटी फीडची मोजणी (प्रश्न ६) याच क्रमाने करावी. क्रम उलटा केल्यास पहिल्या दोन जुळण्यांनंतर फीड पुन्हा मोजावे लागते.